अंडर-ट्वेल्व्हची सेमीफायनल आणि लोखंडेंचा रविवार

घोडबंदर रोडच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीत सध्या एक वाद हमखास ऐकू येतो. क्रिकेटच्या मॅचेस, स्केटिंगच्या स्पर्धा, बुद्धिबळाच्या टुर्नामेंट्स, फुटबॉलच्या ट्रायल्स, सगळं शनिवार-रविवारी. घराला सुट्टी म्हणून उरतच नाही. एवढं कोणी म्हणायचा अवकाश, की दोन तट पडतात. एक म्हणतो, पोरं मोबाइलमधून डोकं वर काढून मैदानात जातात हे काय कमी आहे? रविवार गेला तर गेला. दुसरा म्हणतो, ही सगळी आईबापांची राहून गेलेली हौस आहे, नऊ वर्षांच्या पोराच्या खांद्यावर किटबॅग लटकवून ती भागवून घेतात. मग पहिला तट दुसऱ्याला आळशी ठरवतो, दुसरा पहिल्याला महत्त्वाकांक्षी, आणि विषय पार्किंगच्या भांडणाकडे वळतो. दोन्हीकडचे लोक चांगले आहेत, पण साप सोडून भुई धोपटणं चाललं आहे.

माझं म्हणणं असं. दोष खेळाचा नाही, पालकांचाही फारसा नाही. दोष वेळापत्रकाचा आहे, आणि ते बदलणं कुठल्याही एका घराच्या हातात नाही. म्हणून महिन्यातला एक रविवार सगळ्या अकॅडम्या, संघटना आणि शाळांनी मिळून मोकळा ठेवावा, बाकीच्या रविवारांच्या तारखा हंगामाआधी जाहीर कराव्यात, आणि बारा वर्षांखालच्या मुलांच्या मॅचेस त्यांच्या घराजवळच्या मैदानांवरच घ्याव्यात. हे घडवून आणण्याची ताकद ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांकडे आहे, कारण बहुतेक सार्वजनिक मैदानांच्या किल्ल्या त्यांच्याकडे आहेत.

आधी रविवार प्रत्यक्षात कसा जातो ते पाहू, कारण या वादात बोलणाऱ्या कित्येकांनी तो जवळून पाहिलेला नसतो. शुक्रवारी रात्री साडेनऊच्या सुमारास ग्रुपवर मेसेज येतो: रविवारी नेरूळला मॅच, रिपोर्टिंग पावणेसात, पांढरे कपडे, जन्मदाखला ओरिजिनल. शनिवारी रात्री आधीच्या मॅचची लाल माती घासून काढायची. पहाटे पाचला उठून डबा करायचा, कारण मॅच किती वाजता संपेल ते कोणीच सांगत नाही. ठाण्याहून ऐरोलीमार्गे नेरूळ गाठलं, की कळतं की दुसऱ्या वयोगटाची कालची मॅच अपुरी राहिली होती, ती आधी संपवतील. आपला टॉस साडेदहाला. तोवर मुलगा अंगात सगळं किट चढवून बाकावर बसलेला. धाकटी बहीण गाडीच्या मागच्या सीटवर वहीत मराठीचे शब्दार्थ उतरवते आहे. आया झाडाच्या सावलीबरोबर सरकत सरकत खुर्च्या हलवतात. अकरानंतर ट्रान्सहार्बरवर मेगाब्लॉक असेल तर ट्रेनने आलेल्यांना परत जायची घाईही करता येत नाही. मुलाचा नंबर सातवा, टीम वीस ओव्हर्समध्ये चार बाद. त्याला बॅट धरायला मिळत नाही, दोन ओव्हर्स बॉलिंग मिळते. दुपारी तीनला घरी. त्या दिवशी कळव्याला मावसभावाचं बारसं होतं, ते राहिलं. असा रविवार अधूनमधून आला तर कोणाचीच तक्रार नसती. ऑक्टोबर ते मे तो सलग येतो, आणि कुठला येणार हे शुक्रवारपर्यंत कळत नाही.

खेळाडू घडायचा तर त्याग करावा लागतो, या मुद्द्यात तथ्य आहे आणि ते आधी मान्य करायला हवं. पी. व्ही. सिंधू लहानपणी सिकंदराबादहून गच्चीबावलीच्या अकादमीपर्यंत रोज जाऊन-येऊन ५६ किलोमीटर प्रवास करायची. तिच्या घराने त्या काळात रविवार मागितला असता तर कदाचित दोन ऑलिंपिक पदकं आली नसती. सवलत मागणाऱ्यांनी हे उदाहरण गिळून टाकू नये. पण याच पठडीतल्या आपल्या मुंबईकडच्या गोष्टी नीट आठवून पाहा. सचिन तेंडुलकरला आचरेकर सरांच्या सल्ल्याने वांद्र्याच्या शाळेतून दादरच्या शारदाश्रमात घातलं, आणि पुढे तो शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहायला गेला. का? रोजच्या ये-जा करण्यात पोराची शक्ती जात होती म्हणून. क्रिकेटपटू जेमिमा रॉड्रिग्जचं कुटुंब भांडुपहून वांद्र्याला राहायला गेलं, ते खेळाच्या सोयींसाठी. या दोन्ही घरांनी त्याग केला, यात वाद नाही. पण त्यांनी केलेली शहाणपणाची गोष्ट कोणती होती? घर आणि मैदान यांतलं अंतर त्यांनी कमी केलं. आपली व्यवस्था नेमकं उलटं करते. ठाण्याच्या नऊ वर्षांच्या मुलाला खारघरला आणि खारघरच्या मुलाला घोडबंदरला पाठवते, आणि वर त्याला त्याग म्हणते. जो प्रवास आयोजकाच्या सोयीसाठी आहे त्याने मुलाच्या खेळात काय भर पडते?

शिवाय पोहोचलेल्यांच्या गोष्टी सांगताना न पोहोचलेल्यांचा हिशेब कोणी मांडत नाही. तेराव्या-चौदाव्या वर्षी किटबॅग माळ्यावर टाकून दिलेली मुलं प्रत्येक सोसायटीत आहेत. त्यांना विचारा. खेळाचा कंटाळा आला असं फार थोडी सांगतील. ‘नुसतं बसून राहायला लागायचं’ हे उत्तर बरंच ऐकू येतं. आणि जेमिमाचीच गोष्ट पुढे न्यायची तर ती क्रिकेटसोबत हॉकीही खेळत होती, महाराष्ट्राच्या वयोगटाच्या संघात होती. सगळे रविवार एकाच खेळाला वाहिलेल्या आजच्या एखाद्या दहा वर्षांच्या मुलीला दुसरा खेळ खेळून पाहायची सवड कुठून मिळणार?

दुसरा आक्षेप आयोजकांचा असतो आणि तो व्यवहारी आहे. रविवार सोडून दुसरा दिवस आहे कुठे? आठवडाभर शाळा, क्लासेस, आईबाबांच्या नोकऱ्या. अंपायर आणि स्कोअरर हेही आठवड्यात कुठे तरी नोकरी करणारे. बिनतोड वाटणारा हा युक्तिवाद इतिहासाकडे पाहिलं की डळमळतो. मुंबईत रविवारचं क्रिकेट रुजलं ते मोठ्या माणसांमुळे. १९४८ साली सुरू झालेली कांगा लीग पावसाळ्यातल्या रविवारी खेळली जायची, कारण तिथे खेळणारे सोमवार ते शनिवार बँकेत, गिरणीत, कचेरीत असत. मुलांचं क्रिकेट मात्र शाळेच्या दिवसांतच होत असे. तेंडुलकर-कांबळीची ६६४ धावांची भागीदारी फेब्रुवारी १९८८ ची, हॅरिस शील्डमधली. त्या महिन्याच्या २४ तारखेला बुधवार होता. आपल्याच जिल्ह्यात, कल्याणला, प्रणव धनावडेने भंडारी कप या आंतरशालेय स्पर्धेत नाबाद १००९ धावा केल्या त्या ४ आणि ५ जानेवारी २०१६ ला, म्हणजे सोमवारी आणि मंगळवारी. शालेय क्रिकेटमधले हे दोन्ही पराक्रम शनिवार-रविवारची वाट बघत बसले नाहीत.

मग बदललं काय? शाळांनी खेळातून अंग काढून घेतलं, अकॅडम्यांनी ती जागा घेतली, आणि अकॅडमीच्या पोराला मोठ्या माणसांचा रविवार चिकटला. शाळेची टीम मॅचला जायची तेव्हा शाळाच त्यांना सुट्टी द्यायची, शाळेचेच सर सोबत जायचे, आई-बाबांना संध्याकाळी निकाल कळायचा. आता पोहोचवणं, थांबणं, पाणी, डबा, छत्री, सगळं कुटुंबाच्या माथी. शासकीय शालेय स्पर्धा, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या, म्हणजे ज्यांना सगळे डीएसओच्या मॅचेस म्हणतात त्या, अजून आठवड्याच्या वारी होतात आणि त्यासाठी शाळा मुलांना सोडतात. तेव्हा आठवड्यात खेळ अशक्य आहे हे म्हणणं अर्धंच खरं आहे. शाळेच्या नावावर क्रीडागुण मिळतात तिथे ते शक्य होतं. मैदान शाळेचं आणि मूल अकॅडमीचं असलं की अशक्य होऊन बसतं.

घोडं पेंड खातं ते इथेच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण असावं असं स्पष्ट लिहिलं आहे. नवी मुंबई तर आखून वसवलेलं शहर. १९७० साली सिडको स्थापन झाली तेव्हापासून प्रत्येक नोडमध्ये शाळा, मैदानं, उद्यानं यांच्या जागा नकाशावर ठेवल्या गेल्या. वाशी, नेरूळ, कोपरखैरणे, कुठल्याही सेक्टरमध्ये संध्याकाळी सहाला फिरून पाहा. शाळेचं मैदान आहे, त्याला कुंपण आहे, आत दिवा नाही, फाटकाला कुलूप आहे. बाहेर फुटपाथवर स्केटिंगचा क्लास चालू आहे. ठाण्यात जागेचीच टंचाई, त्यात शाळा दोन सत्रांत. दुपारच्या सत्रातलं मूल सहाला सुटतं, सातपर्यंत घरी येतं, मग क्लास. सोमवार ते शुक्रवार सगळा कोंडतो आणि मग रविवारी सगळ्यांचा लोंढा त्याच चार मैदानांवर जाऊन आदळतो. त्यातही लग्नसराई, महोत्सव, प्रदर्शनं आणि सभा यांच्यासाठी तीच मैदानं दिली जातात, आणि मंडप उतरल्यावर मागे राहिलेल्या खिळ्यांतून पोरं फिल्डिंग करतात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आठवड्यातले पाच संध्याकाळचे तास मोकळे केले, तर रविवारवरचा ताण आपोआप उतरेल. त्यासाठी नवं स्टेडियम बांधावं लागत नाही. दिवे लागतात आणि कुलपं काढावी लागतात.

याचं देशी उदाहरण आपल्याकडे होतंच. लालबाग-परळपासून ठाण्याच्या जुन्या वस्त्यांपर्यंत कबड्डीची मंडळं चालली ती संध्याकाळी, दिव्याखाली, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मैदानात. पाळी सुटलेले बाप आणि शाळा सुटलेली पोरं एकाच वेळी तिथे पोहोचत. सामने रात्री व्हायचे, बघायला अख्खी आळी जमायची, आणि नऊ-दहाला सगळे जेवायला घरी. त्या व्यवस्थेतही राजकारण होतं, मारामाऱ्या होत्या, मुलींना तर बराच काळ जागाच नव्हती. सोनेरी दिवस वगैरे म्हणायचं कारण नाही. पण खेळण्यासाठी आईने पाच तास गाडीत बसायचं, हे कोणाच्या डोक्यातही आलं नसतं.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात आवडतो, कारण तो प्रेमाने केलेला असतो. अहो, मॅच हाच आमचा कौटुंबिक वेळ आहे! आम्ही सगळे जातो, ओरडतो, येताना मिसळ खातो. असं असेल तर छानच. अशी घरं आहेत आणि त्यांचे रविवार खरोखर मजेत जातात. प्रश्न एवढाच, की त्या घरात मुलं किती? एकच असेल तर हे जमतं. दोन असली आणि दुसरीला भरतनाट्यम किंवा नुसतं घरी लोळत पडणं आवडत असेल, तर तिच्या रविवाराचं काय? आईबाबांनी वाटणी करून घेतली तर बाबा एका मैदानावर, आई दुसऱ्या हॉलबाहेर, आणि याला कौटुंबिक वेळ म्हणणं म्हणजे जरा ताणणंच. बुद्धिबळाच्या एकदिवसीय रॅपिड स्पर्धेला गेलेल्यांना हे पक्कं ठाऊक आहे. सकाळी नऊला पहिली फेरी, मग फेरीमागून फेरी, बक्षीस समारंभ धरून संध्याकाळचे सहा. पालकांना हॉलमध्ये प्रवेश नाही, ते योग्यच आहे, पण म्हणजे आख्खा दिवस जिन्यात किंवा शाळेच्या पटांगणात काढायचा. मूल दर पाऊण तासाने बाहेर येतं, जिंकलं की हरलं ते चेहऱ्यावरच दिसतं, बिस्कीट खातं आणि परत आत जातं. एकमेकांशी बोलणं होतं ते एवढंच.

आणि हे काम बहुतेक घरांत आईच करते, हे मोघम न ठेवता सांगायला हवं. ग्रुपवर मेसेज वाचणारी ती, जन्मदाखल्याच्या झेरॉक्स सांभाळणारी ती, बारशाला का आलो नाही हे सासरी समजावणारी ती. आठवडाभर ठाणे-सीएसटी लोकल करून शनिवारी रात्री पांढरी पॅन्ट घासणाऱ्या बाईला ‘मुलांसाठी एवढं तर करावंच लागतं’ हे ऐकवणारे सहसा रविवारी उशिरा उठलेले असतात.

आता सगळ्यात जड आक्षेप. हे सगळं खाऊनपिऊन सुखी लोकांचं रडगाणं नाही का? रिक्षावाल्याला रविवार नाही, मॉलमधल्या मुलीला नाही, सिव्हिलमधल्या नर्सला नाही, वॉचमनला नाही. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा मिळाला, पण शहर चालवणाऱ्या अर्ध्याअधिक माणसांना दोन सोडा, एक ठरलेली सुट्टी मिळत नाही. त्यांच्यासमोर अकॅडमीची फी भरणाऱ्यांनी वीकएंडचं दुःख सांगू नये, हे म्हणणं मला टोचतं आणि पटतंही. पण त्याचा निष्कर्ष उलटा निघतो. आजचं वेळापत्रक या माणसांच्या मुलांना सगळ्यात आधी बाहेर काढतं. ज्या आईची रविवारी ड्यूटी आहे ती पोराला पावणेसातला नेरूळला कशी नेणार? ज्या बापाची रिक्षा रविवारी दुप्पट धंदा करते तो ती मैदानाबाहेर कशाला उभी ठेवेल? कळव्यातला, दिघ्यातला, तुर्भ्यातला हाताने चांगला पोरगा टेनिस बॉलवर कितीही उंच मारो, त्याच्याकडे गाडी नाही आणि सोबत यायला मोकळा माणूस नाही. सर त्याला आपल्या बाइकवर नेतात तोवर तो खेळतो. सर बदलले की संपलं. घराजवळचं मैदान, आधी कळलेली तारीख आणि आठवड्यातली संध्याकाळ यांचा सगळ्यात मोठा फायदा त्यालाच आहे. २ नोव्हेंबर २०२५ ला, रविवारीच, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्या स्टेडियमपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहणाऱ्या किती मुलींना त्यानंतर पांढरे कपडे चढवावेसे वाटले असतील! त्यांतल्या ज्यांच्या घरी गाडी नाही त्यांच्यासाठी आपण काय आखलं आहे?

कोणी विचारेल, एवढा त्रास आहे तर पालक सरळ नाही का म्हणत नाहीत? कारण नाही म्हणायची किंमत त्यांना एकट्याने मोजावी लागते. आजीच्या पंच्याहत्तरीसाठी एक मॅच सोडली, की पुढच्या मॅचला पोरगा बारावा खेळाडू. सरांनाही दोष देता येत नाही. त्यांना रविवारी अकरा मुलं उभी करायची असतात, आणि जो येतो त्याला खेळवणं हा साधा न्याय आहे. आयोजकाने एक रविवार सोडला तर मैदानाचा तो स्लॉट दुसरा घेतो. अशा रीतीने प्रत्येक जण दुसऱ्याच्या भीतीने धावतो. इथे घरोघरी निग्रह करा, प्राधान्य ठरवा असले उपदेश फुकट आहेत.

ही कोंडी नवी नाही, आणि ती फोडणारा माणूस ठाण्याचाच. नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ चा, ठाण्यातला. सत्यशोधक चळवळीतले, ‘दीनबंधू’ हे वृत्तपत्र चालवणारे. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेऊन जे निवेदन तयार केलं त्यात दर रविवारी विश्रांती मिळावी ही मागणी होती. सहा वर्षं लागली. १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघटनेने ती मान्य केली. या प्रसंगातली मला महत्त्वाची वाटते ती मागणीची रचना. लोखंड्यांनी कामगारांना ‘थकलात तर खाडा करा’ असा सल्ला दिला नाही. एकाने खाडा केला तर त्याचा पगार गेला असता, आणि त्याच्या मागावर दुसरा उभा राहिला असता. एकट्या गिरणीमालकालाही त्यांनी गळ घातली नाही, कारण त्याची गिरणी थांबली असती आणि शेजारच्याची चालू राहिली असती. सगळ्या गिरण्या, एकच वार. त्यामुळे सुट्टी घेणारा कोणी आळशी ठरला नाही, आणि देणारा कोणी नुकसानीत गेला नाही. गिरणी कामगाराची चौदा-चौदा तासांची पाळी आणि पोरांच्या मॅचेस यांची बरोबरी मी करत नाही. तसं करणं त्यांच्या हालांची थट्टा ठरेल. पण उपायाची जात तीच आहे. सुट्टी एकाच वेळी सर्वांची नसेल तर ती कोणाचीच राहत नाही.

लहान मुलांच्या खेळाला नियम लावले तर देश मागे पडतो, अशी एक भीती घातली जाते. नॉर्वेने १९८७ पासून मुलांच्या खेळासाठी वेगळी नियमावली ठेवली आहे. अगदी लहान वयात निकालांची यादी आणि क्रमवारी जाहीर करायला तिथे मनाई आहे आणि तेरा वर्षांखालच्यांना राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. पन्नास-पंचावन्न लाख वस्तीच्या त्या देशाने २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये सोळा सुवर्णपदकं घेतली. बर्फात जन्मलेल्यांशी आपली तुलना कशाला, असं म्हणता येईल, आणि म्हणावंही. मग अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं ऐका: संघटित खेळातून मुलाला आठवड्यात निदान एक दिवस पूर्ण विश्रांती हवी, आणि वर्षात सगळे मिळून तीनेक महिने त्या एका खेळापासून सुट्टी. खांदे, गुडघे आणि उत्साह टिकतो तो त्यानेच. आपल्या मुलांच्या वेळापत्रकात तो एक दिवस कोणता, ते दाखवा. शनिवारी नेट्स, रविवारी मॅच, सोमवारी पहाटे साडेपाचला फिटनेस.

तारखा आधी कळण्याबद्दल फार लिहायची खरं तर गरज नसावी. कालनिर्णय भिंतीवर टांगलं की पुढच्या डिसेंबरातली संकष्टी कळते. शाळांच्या परीक्षा, दिवाळीची सुट्टी, गणपती, सगळं आधी माहीत असतं. अंडर-ट्वेल्व्हची सेमीफायनल तेवढी शुक्रवारी रात्री साडेनऊला का जन्माला येते? आयोजक सांगतात की टीम्स ऐन वेळी गळतात, मैदान ऐन वेळी मिळतं. टीम्स गळतात कारण तारखा ऐन वेळी कळतात, हे दुष्टचक्र त्यांनाही माहीत आहे. मैदान ऐन वेळी मिळतं, हे मात्र खरं, आणि तिथे चूक त्यांची नाही. पालिकेने बुकिंग हंगामाचं एकदम दिलं तर आयोजकाला नाही म्हणायला जागा राहणार नाही. जून ते सप्टेंबर मैदानांवर गुडघाभर चिखल असतो. ते चार महिने कागदावर काम करायला पुरेसे आहेत.

आणि म्हणून मैदानाच्या परवान्याला अटी जोडाव्यात. महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी अठरा वर्षांखालच्या कुठल्याही स्पर्धेला बुकिंग नाही. ड्रॉ आणि वेळा पंधरा दिवस आधी प्रसिद्ध न करणाऱ्याची अनामत जप्त. बारा वर्षांखालच्या गटासाठी मुलांना आपल्या शहराबाहेर बोलवायचं नाही, आणि एका टीमला अर्ध्या दिवसाहून जास्त अडकवायचं नाही. कौटुंबिक कारणाने आधी कळवून सोडलेल्या मॅचबद्दल मुलाला टीममधून काढता येणार नाही, ही अट अंमलात आणायला अवघड आहे हे मी जाणतो. सरांच्या डोक्यातली यादी कोणी तपासायची? तरी ती कागदावर असावी, म्हणजे आईला निदान बोलता येईल.

पळवाटा निघतील. दुसऱ्या रविवारी स्पर्धा नाही म्हटल्यावर एखादी अकॅडमी ‘ऐच्छिक प्रॅक्टिस’ ठेवेल, आणि ऐच्छिक प्रॅक्टिसला न येणाऱ्याचं काय होतं ते पोरांना बरोबर समजतं. खासगी टर्फवाले म्हणतील, आमची जागा, आमचा नियम. टर्फवर पालिकेचा जोर चालणार नाही, ते सोडून द्यावं. सार्वजनिक मैदानावर मात्र त्या दिवशी प्रॅक्टिसचंही बुकिंग देऊ नये. याचा अर्थ मैदानाला कुलूप असा कोणी लावू नये; तसं झालं तर सगळ्यावर पाणी. फाटक उघडं, बुकिंग बंद. ज्याला यायचं तो येईल, टेनिस बॉल घेऊन, चपला स्टंप म्हणून लावून, आणि त्याचा स्कोअर कुठल्या ॲपवर चढणार नाही. सुरुवात दादोजी कोंडदेवसारख्या मोठ्या क्रीडांगणापासून करू नये, तिथली गणितं वेगळी आहेत. प्रभागातली छोटी मैदानं घ्यावीत, ठाण्यातली चार आणि नवी मुंबईतली चार, एका हंगामापुरती, आणि मे महिन्यात पालक, सर आणि आयोजक यांना एका टेबलावर बसवून विचारावं की कोणाचं काय बुडालं.